म्हशीच्या नावानं

कोणत्याही गावाच्या पायाभूत सुविधांमध्ये लाजेचा क्रमांक पहिला लागतो. रस्ता, गटार आणि नळपाणी त्यानंतर येतात. रस्ता खचला तर माणसं बांधावरून जातात, नळ आटला तर टँकर येतो. लाज एकदा खचली की तिच्या दुरुस्तीला कोणत्याही योजनेत तरतूद नाही. म्हणून शहाणी गावं तिची देखभाल रोजच्या रोज करतात. आमचं गाव कोल्हापूरपासून अकरा किलोमीटरवर आहे आणि या बाबतीत, सांगायला अभिमान वाटतो, ते कुणाच्या मागं नाही.

अशा सुस्थितीतल्या गावात दीड वर्षापूर्वी किशोरवयीन मुलामुलींसाठी सल्ला केंद्र मंजूर झालं. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींनी यावं, अंगाविषयी, वाढीविषयी मनात जे असेल ते विचारावं, त्यांचं नाव कुणाला कळणार नाही, गरज पडली तर पुढं दवाखान्यात पाठवलं जाईल, असा एकंदर हेतू. हेतू चांगला होता. तो गावाला मानवेल असा करून घेणं एवढंच काम उरलं होतं. त्यासाठी सात जणांची सल्लागार समिती नेमण्यात आली.

समितीचं सरासरी वय बासष्ट होतं. (किशोरवयीनांचा एक प्रतिनिधी घ्यावा अशी सूचना पत्रकात होती. परंतु समितीत जे विषय निघतील ते त्या वयाच्या मुलांच्या कानावर पडणं योग्य नाही, असं एकमतानं ठरलं.) अध्यक्ष गणपतराव, म्हणजे गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. उपाध्यक्ष तालमीचे पिराजी वस्ताद. महिला प्रतिनिधी म्हणून धोंडुबाईंचं नाव होतं आणि त्यांच्या वतीनं त्यांचे यजमान येत. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. गावातलं प्रत्येक पोर कधी ना कधी माझ्यासमोर पाढे म्हणून गेलेलं. तेव्हा शिक्षणप्रेमी या सदरात मला घेतलं.

पहिला प्रश्न जागेचा. केंद्र गोपनीय, म्हणजे ते आडबाजूला हवं. पण आडबाजूला जाणारी मुलगी दिसली की लोक विचारणार, आडबाजूला कशाला? म्हणजे केंद्र अशा ठिकाणी हवं, जिथं सगळेच जातात. सगळे जातात अशी जागा गावात एकच, दूध संकलन केंद्र. त्याच्यावरची खोली ठरली. जिना बाहेरून, लोखंडी, चौकातल्या कट्ट्यावरून पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत दिसणारा. वेळ सकाळी दहा ते एक ठेवली. मुलं त्या वेळात शाळा-कॉलेजात असतात, त्यामुळं गर्दीचा प्रश्न आपोआप सुटला.

दुसरा प्रश्न गोपनीयतेचा. समुपदेशक म्हणून आलेली निशिगंधा गगनबावड्याकडची, सत्तावीस वर्षांची, कंत्राटी. ती गोपनीयता राखते की नाही, हे बघायचं कुणी? ठराव झाला: "गोपनीयतेचा भंग होत नाही ना, यावर लक्ष ठेवण्यासाठी समितीचा एक सदस्य केंद्राच्या संपूर्ण वेळेत खोलीत उपस्थित राहील." रिकामा मी एकटाच होतो. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसे. पेपर तोंडासमोर उघडा असला की मी खोलीत नाही, असं धरायचं ठरलं होतं.

तिसरा प्रश्न भिंतीवरच्या तक्त्यांचा. शरीररचनेचे दोन तक्ते आले होते, एक मुलाचा, एक मुलीचा. समितीनं ते बराच वेळ पाहिले. (धोंडुबाईंच्या यजमानांनी जवळून पाहिले.) मग कमरेपासून खाली दूध संस्थेचं कॅलेंडर टांगावं, असं ठरलं. त्या कॅलेंडरवर प्रबोधन म्हणून म्हशीच्या गर्भाशयाची रंगीत आकृती, माजाची लक्षणं आणि कृत्रिम रेतनाची योग्य वेळ छापलेली होती. त्याला कुणाची हरकत नव्हती.

हरकत असायचं कारणच नाही. म्हशीच्या बाबतीत आमच्याइतकं प्रगत गाव सापडणं अवघड आहे. म्हैस कुठल्या तारखेला माजावर आली, एकवीस दिवसांनी पुन्हा आली का, भरवली कधी, ठरली का, व्यायल्यावर वार पडली का, यावर बाप लेकीशी, सासरा सुनेशी आणि कुणीही पावण्याशी भर चौकात मोठ्यानं बोलतो. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं तारखा लिहिलेल्या असतात. एकदा मी चौथीच्या वर्गात विचारलं, प्रजनन म्हणजे काय? वर्ग चिडीचूप. विचारलं, म्हैस गाभण कशी राहते? बेचाळीस हात वर. पट बेचाळीसचाच होता. माझ्या नोकरीत सबंध वर्गानं हात वर केल्याची ती एकमेव नोंद आहे.

तर केंद्र सुरू झालं. पहिल्या चार महिन्यांत लाभार्थी शून्य. समितीनं समाधान व्यक्त केलं, कारण गावातल्या मुलांना कसलीही अडचण नाही, हे आकड्यानं सिद्ध झालं होतं. निशिगंधाला मात्र समाधान नव्हतं. (कंत्राटी माणसं उतावीळ असतात.) तिनं शाळा-कॉलेजात जाऊन बोलण्याची परवानगी मागितली. समितीनं ती दिली आणि सोबत ठराव क्रमांक नऊही दिला: "माहिती देताना मनुष्यप्राण्याचा थेट उल्लेख टाळावा. आवश्यक तेथे म्हशीचे उदाहरण घ्यावे."

"आन् पोरास्नी? रेड्याचं उदाहरण घ्यायचं का?" पिराजी वस्तादांनी विचारलं.

"पोरास्नी काय सांगायचं?" गणपतराव म्हणाले. "त्यास्नी सगळं म्हाईत असतंय."

(कुठून माहीत असतं, हा विषय समितीच्या कक्षेबाहेरचा होता. तो त्यांच्या मोबाईलच्या कक्षेत होता.)

निशिगंधा अकरावीच्या वर्गात पाऊण तास म्हशीवर बोलली. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला जिना वाजला. एक मुलगी कॉलेज बुडवून, हातात रिकामी किटली घेऊन आली. किटली खाली कुणी विचारलं तर सांगायला. मी पेपर उघडला. मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या म्हशीच्या तोंडावर लई पुटकुळ्या आल्यात." निशिगंधानं एक क्षण कॅलेंडरकडं पाहिलं आणि विचारलं, "म्हैस साबणानं तोंड धुते का?"

त्यानंतर जिना वाजायचा थांबला नाही. पुढच्या तीन महिन्यांतली आकडेवारी माझ्याकडं आहे. म्हशीच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या, सतरा. म्हशीला दर महिन्याला पोटात दुखतं आणि ती वर्गात बसू शकत नाही, एकवीस. म्हशीच्या मैत्रिणी उंच झाल्या, ती झाली नाही, पाच. दोन मुलगेही आले होते. त्यांच्या म्हशींना मिशी फुटत नव्हती. म्हशीला एक जण सारखे मेसेज करतो, एकटीच ये म्हणतो, त्याला नाही कसं म्हणायचं, चार. (यांतल्या एका म्हशीच्या बाबतीत तो नात्यातला होता. त्या दिवशी निशिगंधानं मला पेपर ठेवून खाली जाऊन बसायला सांगितलं. नियमात बसत नव्हतं, पण मी गेलो.)

मग एका मंगळवारी वर्षाराणी आली. वर्षाराणी म्हणजे अध्यक्ष गणपतरावांची धाकटी मुलगी. चौथीत असताना एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून दाखवायची. आता जिना चढून आली आणि टेबलाला धरून उभी राहिली.

"आमच्या म्हशीला रक्त जातंय," ती म्हणाली. "चोवीस दिवस झालं. थांबंना."

"म्हैस किती वर्षांची?"

"सोळा. अकरावी सायन्सला हाय."

(आमच्या तालुक्यात जनावरांमधलं शिक्षणाचं प्रमाण वाढतं आहे.)

"चक्कर येते का तिला?"

"जिना चढताना येती. काल प्रॅक्टिकलला पडली. बाई म्हणाल्या, नाष्टा करून येत जा."

"घरी सांगितलंय?"

"आईला सांगितलं. आई म्हणाली, सगळ्याच म्हशींचं असंच असतंय, उगं बोंबलू नकोस."

"आणि वडिलांना?"

वर्षाराणी हसली. "त्यास्नी म्हशींचं लई प्रेम हाय, मॅडम. पर गोठ्यातल्या."

निशिगंधानं तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली, बोटाला टोचून रक्त तपासलं. बारा असायला हवं होतं ते सहावर आलं होतं. "म्हशीला आज नाही तर उद्या दवाखान्यात न्यायलाच पाहिजे," ती म्हणाली. "हे असंच राहिलं तर जिवावर बेतेल. फॉर्मवर पालकांची सही लागेल. आणि समितीची मंजुरी." (ठराव क्रमांक अकरा. पुढं पाठवायचं प्रत्येक प्रकरण समितीसमोर, नाव न घेता.)

"सही नको. सहीचं सोडून काय पण सांगा," वर्षाराणी म्हणाली. "मी जातो. शनवारपतूर थांबंल आपोआप."

उठताना तिनं आधाराला भिंत धरली. हाताला कॅलेंडर लागलं आणि खिळ्यासकट खाली आलं. मागचा तक्ता सगळा उघडा पडला. मी पेपरची घडी घातली, खुर्चीवरून उठलो आणि कॅलेंडर पुन्हा होतं तिथं टांगलं. माझं काम तेच होतं.

त्याच संध्याकाळी समितीची सभा होती. विषयपत्रिका माझ्या हस्ताक्षरात असे. चार विषय आधीच लिहिलेले होते. पाचवा मी घातला: आजारी म्हैस.

पहिले चार विषय वीस मिनिटांत आटोपले. पाचव्याला सभागृह जागं झालं. निशिगंधानं कागदावरून वाचलं, चोवीस दिवस रक्तस्राव, चक्कर, रक्त निम्म्यावर.

"चोवीस दिवस?" गणपतराव खुर्चीतून पुढं सरकले. "आन् मालक काय करतोय? झोपलाय?"

"असल्या मालकाला चौकात उभा करून जोड्यानं हाणला पायजे," पिराजी वस्ताद म्हणाले.

"पाटीभर शेण घालायला पायजे तोंडात," धोंडुबाईंच्या यजमानांनी धोंडुबाईंच्या वतीनं दुरुस्ती सुचवली.

मग गणपतराव बोलले. दूध संस्थेच्या वार्षिक सभेत ते कंटाळवाणं बोलतात. त्या दिवशी तसे बोलले नाहीत. "ऐका. मुकं जनावर हाय ते. ते काय तोंडानं सांगणार हाय का, मला असं हुतंय, तसं हुतंय म्हणून? मालकानं वळखायला पायजे. खाणं कमी झालंय का बगायचं. डोळं पांढरं पडल्यात का बगायचं. उभी ऱ्हाताना पाय थरथरत्यात का बगायचं. रोज बगायचं. जे आपल्या दावणीला हाय, त्याच्याकडं जो बगत न्हाय, त्यो कसला मालक?"

टाळ्या पडल्या. मालकाच्या निषेधाचा ठराव एकमतानं मंजूर झाला आणि अध्यक्षांनी त्यावर जागच्या जागी सही केली. "आता हितंच गाडी काढा संस्थेची," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. कुणाची हाय म्हैस?"

"नाव सांगता येत नाही, साहेब. गोपनीय असतं," निशिगंधा म्हणाली. "पण मालकाची सही लागेल." आणि तिनं घडी घातलेला फॉर्म फक्त त्यांच्यापुढं सरकवला.

गणपतरावांनी चष्मा लावला. एकदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"कुणाची वो?" पिराजी वस्तादांनी विचारलं.

"पावण्यांची," गणपतराव म्हणाले. आणि सही केली. त्या सभेतली त्यांची ती सहावी सही होती आणि पहिल्या पाचांपेक्षा जरा वाकडी आली.

गाडी लगेच निघाली. गावात बातमी झाली की चेअरमनची म्हैस आजारी आहे. चार जण गोठ्यात डोकावून आले. दोन्ही म्हशी रवंथ करत होत्या. तेव्हा असं ठरलं की गणपतराव तिसरी बघायला गेले असावेत. बघायला मुलीला आणि बायकोला कशाला नेलं, हे कुणी विचारलं नाही. अकरा किलोमीटरवर कोल्हापूर, तिथं पावलोपावली दवाखाने. पण प्रत्येक दवाखान्यात ओळखीचं कुणीतरी असतंच. म्हणून गाडी कुरुंदवाडकडं गेली, म्हणजे दीड तास जास्त. त्या दीड तासाची गोपनीयता वर्षाराणीला मागच्या सीटवर आडवं होऊन सांभाळावी लागली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय होतंय? गणपतरावांनी बायकोकडं, शालूबाईंकडं पाहिलं. शालूबाईंनी छताकडं पाहिलं. शेवटी वर्षाराणीनंच सांगितलं. म्हैस मध्ये न आणता, दोन वाक्यांत, जसं असतं तसं. (शालूबाईंनी मला हे नंतर सांगितलं. छत जागेवर राहिलं, याचं त्यांना अजून नवल वाटतं.) रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, औषधं सुरू झाली, चार दिवस ठेवून घेतलं. आठवडाभर उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरीणबाई गणपतरावांना बाजूला घेऊन बोलल्या. त्या काय बोलल्या, ते गणपतरावांनी कुणाला सांगितलं नाही.

परत आल्यावर कट्ट्यावर विचारणा झालीच. "किती लिटरची हुती, चेअरमन?"

"जमलं न्हाय," गणपतराव म्हणाले.

तेव्हापासून ते रोज सकाळी धारेला जाताना मधल्या खोलीच्या दारात थांबतात. आत बघत नाहीत, चौकटीकडं बघतात. विचारतात, "म्हैस बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. गोळ्या खाती," वर्षाराणी सांगते. एकदा ती पुढं म्हणाली, "आप्पा, म्हशीला नाव हाय. तुम्हीच ठेवलंय."

गणपतराव "धार काढायची ऱ्हायलीया" म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबले. माणूस वाईट नाही. रोज दारापर्यंत येतो. गावात असे बाप मी मोजले तर एका हाताची बोटं उरतील.

वर्ष संपलं, अहवाल गेला. अहवालात खोटं काही लिहायचं नाही, ही माझी जुनी सवय. लाभार्थी मुली, शून्य. लाभार्थी मुलगे, शून्य. म्हशी, एकशे अठरा. पैकी पुढं पाठवलेल्या एक, बऱ्या झालेल्या एक. वरच्या कार्यालयानं आकडेवारीचा गांभीर्यानं विचार केला. किशोरवयीनांचा प्रतिसाद नसल्यानं निशिगंधाचं कंत्राट वाढवलं नाही. पशुधनाची परिस्थिती चिंताजनक दिसल्यानं तिच्या जागी एक पशुधन सहायक देण्यात आला. चिराग त्याचं नाव, सरळ मुलगा, कामाला चोख. निशिगंधा जाताना कपाटाची किल्ली माझ्याकडं देऊन गेली. म्हणाली, "सर, त्या मेसेजवाल्या चौघींकडं लक्ष ठेवा." मी पेपर वाचत नव्हतो, त्यामुळं ऐकलं नाही असं म्हणता येत नाही.

चिराग रुजू झाला त्या आठवड्यात जिना वाजला. आठवीतली एक मुलगी, हातात किटली. म्हणाली, आमच्या म्हशीला पोटात लई दुखतंय. चिरागनं विचारलं, म्हैस कुठं आहे? मुलगी म्हणाली, घरात. त्यानं वजन विचारलं. मुलगी म्हणाली, चौतीस किलो. त्यानं वहीत "रेडकू" अशी दुरुस्ती केली आणि खनिज मिश्रणाचं एक पुडकं दिलं, तीस ग्रॅम, रोज, पेंडीतून. मुलीनं माझ्याकडं पाहिलं. पेपर माझ्या तोंडासमोर होता. पुडकं घेऊन ती गेली. त्यानंतर जिना वाजलेला नाही. समितीनं पुन्हा समाधान व्यक्त केलं आहे, आणि हा नमुना इतर गावांना उपयोगी पडेल म्हणून सदस्यसंख्या वाढवायचं ठरवलं आहे.

छत्तीस वर्षांची सवय, धडा संपला की खाली एक प्रश्न घातल्याशिवाय मला राहवत नाही. हा स्वाध्याय तुमच्यासाठी. या सबंध लिखाणात पाच अक्षरांचा एक साधा शब्द (हवं तर दोन म्हणा) मी एकदाही लिहिलेला नाही. तो पाठ्यपुस्तकात आहे, औषधाच्या दुकानात आहे, तुमच्या घरातही दर महिन्याला आहे. त्याच्यावाचून तुमचं इथपर्यंत काही अडलं नाही. तो कुठला, ते ओळखा. उत्तर मोठ्यानं द्यायचं आहे, घरातली सगळी माणसं जेवायला बसलेली असताना.

ज्यांचं उत्तर आत्ता मनातल्या मनात आलं आणि तिथंच राहिलं, त्यांनी समितीकडं अर्ज करायला हरकत नाही. वेगळी पात्रता लागत नाही.